फौजी शेतकऱ्याचे विमान आणि आपल्या रानातला हिशेब



विमानाचा विषय आपल्या साप्ताहिकात कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्यापैकी पुष्कळांनी विमान पाहिले ते खुरपता खुरपता मान वर करून, आणि तेही गेल्यावर. आवाज आधी कानावर येतो आणि नजर पोचेपर्यंत आभाळात नुसती पांढरी रेघ उरते. पण ९ जून २०२५ रोजी सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचे विमान सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचेही. तेव्हापासून मंगळवेढ्याच्या आठवडे बाजारात, आडतीवर आणि चहाच्या टपरीवरही विमानाच्या गोष्टी निघू लागल्या आहेत. शिवाय एक धाकटे विमान आता थेट बांधावर येऊन उभे आहे. त्याला आपण ड्रोन म्हणतो. दहा लिटरची टाकी पोटाशी बांधून ते तुरीवरून आणि उसावरून फिरते. तेव्हा विमान ही शहरातल्या लोकांची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही.

या यंत्रांविषयी मत बनवायचे कसे? विक्रेता सांगतो ते एक आणि शेजारी सांगतो ते दुसरे. मला वाटते, ज्याने बंदूक धरली, नांगर धरला आणि मग विमान कंपनी चालवली, अशा माणसाचे म्हणणे आपण आधी ऐकावे. असा माणूस आपल्या शेजारच्या मुलखात आहे.

मंगळवेढ्याहून दक्षिणेला एस.टी.ने निघाले की दोन-अडीच तासांत विजापूर येते. तिथल्या सैनिकी शाळेत कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याच्या गोरूर गावचा, एका शाळामास्तरांचा मुलगा शिकायला आला. त्याचे नाव गोपीनाथ. विजापूरहून तो आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत गेला आणि पुढे लष्करात अधिकारी झाला. १९७१ च्या युद्धात त्याने भाग घेतला. आठ वर्षे नोकरी करून कॅप्टन असतानाच, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने लष्कर सोडले आणि घरी येऊन सांगितले की मी शेती करणार. आपल्याकडे शिकलेला मुलगा असे बोलला तर आई डोळ्याला पदर लावते. तिथेही काही वेगळे झाले नसावे.

शेती तरी कसली होती? गोरूरला हेमावती नदीवर धरण झाले आणि घरची जमीन पाण्याखाली गेली. बदल्यात जावगलजवळ जमीन मिळाली, ती पडीक माळाची. धरणग्रस्त म्हणजे काय हे उजनीच्या काठच्या लोकांना सांगायला नको. या गड्याने माळावर तंबू ठोकला आणि तिथेच मुक्काम केला. गाई पाळल्या, कोंबड्या पाळल्या, नारळ लावले. बरेच प्रयोग फसले आणि कर्जही झाले. शेवटी तुती आणि रेशीमकिडे यांत जम बसला. विकतच्या औषधा-खतांवर कमीत कमी अवलंबून राहायचे, पालापाचोळा रानातच ठेवायचा आणि किड्याला तुतीचा पाला विषाशिवायचा घालायचा, अशी त्यांची पद्धत होती. या पर्यावरणाला धरून केलेल्या रेशीमशेतीबद्दल १९९६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. (इथून पुढे मी त्यांना आदरार्थीच लिहितो. ज्याने माळ फोडला त्याला अरेतुरे करू नये.)

कॅप्टन गोपीनाथ यांच्यावर दोन चित्रपटही निघाले, २०२० मध्ये तमिळ आणि २०२४ मध्ये हिंदी. हिंदीत तर नायक मराठी मुलखातलाच केला आहे. आपल्या पोरांनी ते मोबाईलवर पाहिलेही असतील. पण पडद्यावरचा नायक हवाई दलातला आहे आणि खरे गोपीनाथ भूदलातले. दुसरे म्हणजे पडद्यावर त्यांची शेती जवळजवळ दिसत नाही. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे, कारण विमानाचा धंदा त्यांनी शेतकऱ्याच्या डोक्याने केला.

१९९७ च्या सुमारास लष्करातले मित्र कॅप्टन सॅम्युअल यांना बरोबर घेऊन त्यांनी हेलिकॉप्टर भाड्याने देणारी कंपनी काढली. हेलिकॉप्टरमधून खाली पाहताना त्यांना काय दिसले, ते त्यांनी पुष्कळदा सांगितले आहे: अगदी आडगावच्या कौलारू घरांवरही टीव्हीची छत्री होती. म्हणजे लोक गरीब असले तरी उपयोगाच्या यंत्राला पैसे मोजतात, फक्त ते परवडेल अशा भावात समोर यायला हवे. पुढे अमेरिकेत फिनिक्स नावाच्या शहरी ते गेले. तिथल्या एका विमानतळावरून दिवसाला जितकी विमाने उडत, तितकी त्या वेळी साऱ्या भारतातून उडत नव्हती. फिनिक्स काही तिथली राजधानी नव्हे. हा हिशेब त्यांच्या डोक्यात बसला आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये एअर डेक्कनचे पहिले विमान बंगळूरहून हुबळीला गेले. मुंबई-दिल्लीचा राजमार्ग सोडून त्यांनी हुबळीसारखे गाव धरले, ही गोष्ट लक्षात ठेवा. विमानावर चित्र होते आर. के. लक्ष्मण यांच्या 'कॉमन मॅन'चे, तोच चौकड्यांचा कोट घातलेला, टक्कल पडलेला बिचारा माणूस.

आता मूळ मुद्द्यावर येतो. विमानाच्या धंद्याचे गणित मेथीच्या जुडीचे आहे.

वहिनी, तुम्ही मेथीच्या शंभर जुड्या घेऊन बाजारात बसलात आणि दिवस मावळेपर्यंत ऐंशी गेल्या, तर उरलेल्या वीस जुड्यांचे काय होते? ज्वारीसारखी ती पेवात ठेवता येत नाही. मालदांडी ज्वारी यंदा नाही विकली तर पुढल्या वर्षी विकता येते, पण मेथी रात्रीत सुकते. विमानातली रिकामी खुर्ची मेथीपेक्षाही नाशवंत आहे. विमानाने जमीन सोडली की त्या क्षणी तिची किंमत शून्य होते. पायलटाचा पगार, विमानाचे भाडे आणि इंधन मात्र जवळजवळ तितकेच लागते. एअर डेक्कनच्या सुरुवातीच्या विमानांत अठ्ठेचाळीस जागा होत्या. त्यांत वीस माणसे बसली काय आणि अठ्ठेचाळीस बसली काय, पंखे तेवढेच फिरतात.

म्हणून त्यांनी काही जागा एक रुपयाला विकायला काढल्या. कर वेगळा, पण तिकीट एक रुपया. लोकांना ते वेड वाटले. पण तुम्ही संध्याकाळी पाच रुपयांची जुडी दोन रुपयांना देता ते वेड असते का? फरक एवढाच की आपण शेवटी भाव पाडतो आणि विमानवाले सुरुवातीला. आधी येईल त्याला स्वस्त आणि उशिरा येईल त्याला महाग. असे उलटे का? आपल्या बाजारात संध्याकाळी येणारे गिऱ्हाईक रिकामटेकडे असते. घेतले तर घेतले, नाहीतर गेले. विमानाला शेवटच्या दिवशी येणारा माणूस अडलेला असतो. त्याला उद्या कोर्टात तरी उभे राहायचे असते, नाहीतर दवाखान्यात तरी पोचायचे असते. तो मागेल तेवढे देतो.

हा भाव ठरवायला माणूस बसलेला नसतो. तिथे संगणकाचा प्रोग्रॅम असतो. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला आधीच लिहून दिलेला हुकूमनामा: उड्डाणाला दिवस किती उरले, जागा किती गेल्या, मागच्या वर्षी याच सुमारास किती गेल्या होत्या, हे पाहा आणि भाव इतका वर ने किंवा खाली आण. एअर डेक्कनने तिकीट इंटरनेटवर आणि फोनवर विकायला घेतले. त्या काळी खेड्यात इंटरनेट कुठे होते, असे तुम्ही विचाराल. नव्हतेच. पण मधल्या दलालाचे कमिशन वाचले, छापील तिकिटाचा खर्च वाचला आणि कोणती जागा कधी किती रुपयांना गेली याची बित्तंबातमी मालकाच्या हाती राहिली. आपला माल आडतीवर नेऊन टाकला की तो पुढे कोणाला, किती रुपयांना गेला हे आपल्याला कळत नाही. त्यांनी ते कळण्याची सोय पहिल्या दिवसापासून केली. माझ्या दृष्टीने संगणकाचा मोठेपणा इथे आहे, चकाकणाऱ्या पडद्यात नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी ओळखली. जमिनीवर उभे असलेले विमान बैलजोडीसारखे असते. काम नसले तरी वैरण लागतेच. हप्ता, पगार, तळाचे भाडे चालू राहते. म्हणून विमान उतरले की झटपट माणसे उतरवायची, झाडलोट करायची आणि पुन्हा उडवायचे. जेवण फुकट नाही, पाणीसुद्धा विकत. काटकसर कुठे करायची आणि कुठे करायची नाही याची रेघ विमानधंद्यात कायद्याने आखलेली असते. जेवण कापता येते, तपासणी कापता येत नाही. प्रत्येक उड्डाणाआधी ठरलेली यादी मोठ्याने वाचून एकेक खूण करावी लागते. दुरुस्ती करणारा कारागीर वहीत सही करतो, त्या सहीला तो बांधलेला असतो. 'काल तर नीट चालत होते' हे उत्तर तिथे चालत नाही. आपल्याकडे फवारणी पंपाचे नोजल शेवटचे कधी बदलले हे घरात कोणाला सांगता येईल? नोजल झिजले की औषध दीडपट पडते आणि आपण म्हणतो, औषधात दम नाही.

पण गोपीनाथांची गोष्ट नुसती कौतुकाची नाही, आणि अर्धी सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. एअर डेक्कन साठाहून अधिक गावांना जाऊ लागली आणि लाखो माणसे जन्मात पहिल्यांदा विमानात बसली. कंपनीचा तोटा मात्र वाढत गेला. बाकीच्यांनीही भाव पाडले, इंधन महागले. विमानाच्या इंधनावरचा कर फार आहे आणि लहान विमानतळांकडे सरकार पाहत नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे, तीत तथ्य आहे. तरीही रुपयाच्या तिकिटाने घर चालत नाही हेही तितकेच खरे. २००७ मध्ये कंपनीचा मोठा हिस्सा किंगफिशरच्या मालकांनी घेतला, २००८ मध्ये एअर डेक्कन हे नावही गेले आणि २०१२ मध्ये किंगफिशरच बसली. जो मालक पंचतारांकित थाटाच्या वेडाचा, त्याच्या हाती काटकसरीचे औत गेल्यावर दुसरे काय होणार? हे आपले माझे मत.

२०१७ च्या डिसेंबरात गोपीनाथांनी एअर डेक्कनचे नाव पुन्हा उभे केले, तेही आपल्या महाराष्ट्रात. केंद्राच्या उडान योजनेखाली जळगाव आणि नाशिकहून मुंबईला लहान, अठरा-एकोणीस जागांची विमाने सुरू झाली. केळीच्या जळगावला विमान आले म्हणून मोठा आनंद झाला. पण मुंबईच्या विमानतळावर उतरायला सोयीची वेळ मिळणे म्हणजे सणाच्या दिवशी पंढरपूरच्या रांगेत शिरण्यासारखे होते. फेऱ्या नियमित राहिल्या नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत तेही काम थांबले. विमानतळ बांधला की विमान येते आणि विमान आले की ते राहते, असे समजून चालू नये.

आपल्या सोलापूरचे विमानही सहज आलेले नाही. विमानतळाजवळच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची वीजप्रकल्पाची चिमणी, सुमारे नव्वद मीटर उंचीची, उड्डाणाच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षे वाद चालला. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. एका बाजूला शहराला विमान हवे होते, दुसऱ्या बाजूला सभासदांना आपल्या घामाचा कारखाना. १५ जून २०२३ रोजी ती चिमणी स्फोटाने पाडली गेली आणि काही क्षणांत जमीनदोस्त झाली. कोण बरोबर, कोण चूक, यात मी शिरत नाही. पण विमानाची किंमत तिकिटावर छापलेली असते तेवढीच नसते. बोरामणीला नव्या विमानतळासाठी शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. तिथे माळढोकासाठी राखलेल्या वनजमिनीचा प्रश्न आडवा आला आणि काम रखडले. त्या घरांना विचारा, वाट पाहण्याची किंमत काय असते.

मग विचारणारा विचारतो, साहेब, आता आपले डाळिंब विमानाने जाईल का?

याचे स्पष्ट उत्तर देतो. सोलापूरहून उडणाऱ्या सत्तरेक जागांच्या पंखेवाल्या विमानाच्या पोटात, प्रवाशांचे सामान गेल्यावर, काही क्विंटलांची जागा उरते. आपल्या एका मध्यम बागेची एका दिवसाची तोडणीसुद्धा त्यात मावायची नाही. मुंबईला ट्रक एका रात्रीत जातो. डाळिंब हे स्ट्रॉबेरी नव्हे. त्याची साल जाड आहे, थंडाव्यात ते आठवडेच्या आठवडे टिकते. परदेशी जाणारा आपला बहुतेक माल म्हणूनच थंड कंटेनरात, जहाजाने जातो. भगवा डाळिंब २०२५ मध्ये अमेरिकेला जहाजाने पोचले, तीही मोठीच मजल. विमानाचे भाडे त्यालाच परवडते ज्याचा माल किलोला फार महाग असतो, किंवा ज्याचा हंगाम चार दिवसांचा असतो.

शेजारच्या सांगोल्याची आठवण करा. २०२० मध्ये तिथून किसान रेल सुटू लागली. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहूनच निघाली, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. भाड्यात निम्मी सवलत होती. आपली डाळिंबे, बोरे, सिमला मिरची त्या रेल्वेने पूर्वेकडच्या बाजारात गेली. ती सवलत कायमची नव्हती, पण लहान शेतकऱ्याच्या मालाला लांबचा बाजार दाखवण्याचे काम त्या रेल्वेने जितके केले, तितके विमान या पिढीत करील असे मला वाटत नाही. पुढाऱ्यांकडे मागणी करायची तर मी आधी शीतगृहाची आणि रेल्वेच्या थंड डब्याची करीन. विमान माणसांसाठी असू द्या. दिल्लीच्या कार्यालयातले काम एका दिवसात करून परतणारा बागाईतदार, परदेशी शिकणारा मुलगा, मुंबईच्या दवाखान्यात तातडीने न्यायचा रुग्ण, यांना त्याचा उपयोग आहे. तिकीट काढायचे तर महिना-दीड महिना आधी काढा, का ते वर सांगितलेच.

आता बांधावरच्या विमानाकडे वळू. इथे मात्र आपला थेट पैसा आणि जीव गुंतलेला आहे.

पिकावर विमानातून औषध टाकण्याची सुरुवातही एका फौजी माणसानेच केली. ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावाजवळ लेफ्टनंट मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने झाडांवर पडलेल्या अळीसाठी विमानातून भुकटी उधळली. आपल्या देशातही पूर्वी सरकारी विमानांतून पिकांवर औषध टाकले गेले आहे. अलीकडे, २०२० मध्ये, राजस्थानात टोळधाड आली तेव्हा ड्रोन आणि हेलिकॉप्टर वापरले गेले.

ड्रोनचा पहिला आणि मला सर्वांत मोठा वाटणारा गुण म्हणजे पाणी. हातपंपाने एकर फवारायला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, ड्रोनला आठ ते दहा. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेकडची गावे वर्षानुवर्षे पाण्यासाठी झगडत आली. तिथे फवारणीचे पाणी कोण आणते? पंप गड्याच्या पाठीवर असतो हे सगळ्यांना दिसते. पण बॅरलमध्ये पाणी ओतणारी, घागरी वाहणारी बाई कोणाच्या हिशेबात येत नाही. उंच वाढलेली तूर, मोडायला आलेला ऊस, चिकटा पडलेली ज्वारी, लष्करी अळीने पोखरलेला मका, यांत माणूस शिरला तर औषध त्याच्या तोंडावर येते आणि पायाखाली काय असेल याचा भरवसा नसतो. ड्रोनला या दोन्हींची भीती नाही.

पण त्याच कमी पाण्यात त्याचा धोकाही आहे. समजा एकरी शंभर मिली औषध टाकायचे आहे. दोनशे लिटर पाण्यात ते लिटरला अर्धा मिली होते, दहा लिटरात लिटरला दहा मिली. म्हणजे थेंब वीसपट जहाल झाला. असा थेंब वाऱ्याने शेजारच्या तुतीवर गेला तर त्याचे रेशीमकिडे एका दिवसात संपतील. फुलोऱ्यातल्या सूर्यफुलावर गेला तर मधमाश्या जातील, आणि वैरणीवर गेला तर जनावरांच्या पोटात. म्हणून ड्रोनसाठी मान्यता असलेलेच औषध वापरायचे. दोन वेगळी औषधे स्वतःच्या मनाने एकत्र करायची नाहीत. वारा अंगाला जाणवत असेल, कडब्याची पाती सळसळत असतील, तर त्या दिवशी फवारणी नाही.

डाळिंबाच्या बागेबद्दल मी अजून हात राखून बोलतो. ड्रोनचा फवारा वरून पडतो. डाळिंबाचे झाड झुडपासारखे, फळ आत पानांआड. तेल्याचे जंतू पानाच्या खाली आणि फळाच्या बगलेत. तिथे औषध पोचले की नाही, हे वरून उडणाऱ्या यंत्राला कळत नाही. प्रोग्रॅमला एकर संपलेला दिसतो, फळ भिजलेले दिसत नाही. एक साधी परीक्षा आहे. फवारणीआधी झाडात वर, मध्ये आणि खाली पांढऱ्या कागदाचे तुकडे टाचणीने लावा आणि नंतर थेंब मोजा. खालचा कागद कोरडा राहिला तर ड्रोनवाल्याला नमस्कार करून ट्रॅक्टरचा ब्लोअर बोलवा. बाकी सल्ला केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा घ्यावा.

विकत घ्यावा का, हा प्रश्न मला तरुण पोरे हमखास विचारतात. इथे गोपीनाथांचे बैलजोडीचे गणित उपयोगी पडते. समजा, ड्रोन बॅटऱ्यांसह सात लाखांना पडला आणि पाच वर्षे चालला. वर्षाला एक लाख चाळीस हजार नुसती झीज. वर्षातून शंभर दिवस, रोज दहा एकर फवारले तर एकरी झीज १४० रुपये. वीसच दिवस काम मिळाले तर तीच ७०० रुपये. आणि चार एकरवाल्याने स्वतःच्या रानापुरता घेतला, वर्षातून चार फवारण्या केल्या, तर एकरी ८,७५० रुपये! यात बॅटरी, जनरेटर, चालवणारा माणूस, विमा अजून धरलेले नाहीत. पिकाची किंमत त्यापुढे किती उरते ते तुम्हीच पाहा. ड्रोन चार एकरवाल्याने घ्यायचा नाही, त्याने भाड्याने बोलवायचा. घ्यायचा तो गटाने, पीक कंपनीने, सोसायटीने, जिथे त्याला रोज काम आहे.

महिला बचत गटांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ड्रोन दीदी योजना मंजूर केली. तीत पंधरा हजार गटांना ड्रोन देण्याचे ठरले, किमतीच्या ऐंशी टक्के, पण आठ लाखांपर्यंत, मदतीसह. एका सभासद बाईला पंधरा दिवसांचे शिक्षण. योजना चांगली आहे. गटाने अर्ज करण्याआधी मात्र एक काम करावे. गावातल्या किती घरांना, कोणत्या पिकाला, कोणत्या महिन्यात फवारणी लागते याची यादी वहीत उतरवावी. यादीत वर्षाला साठ-सत्तर दिवसांचे काम दिसले तर पुढे जावे. नाहीतर ऐंशी टक्के सवलतीचे यंत्रही कोपऱ्यात धूळ खाते आणि उरलेल्या वीस टक्क्यांचा हप्ता बायकांच्या मानेवर राहतो.

ड्रोन चालवायला परवाना लागतो. वय अठरा ते पासष्ट, दहावी पास, आणि सरकारमान्य संस्थेत शिक्षण. आपल्या तालुक्यात फौजेतून परत आलेली मंडळी गावोगाव आहेत. बहुतेकांच्या नशिबी बँकेच्या किंवा कारखान्याच्या फाटकावरची पहारेकऱ्याची नोकरी येते. मला वाटते, या कामाला त्यांच्यासारखा माणूस नाही. यादी वाचून यंत्र तपासायची, वहीत नोंद करायची, वारा असेल तर 'आज नाही' असे मालकाच्या तोंडावर सांगायची सवय त्यांना आधीच लागलेली असते. यंत्राला प्रोग्रॅम आहे, पण 'आज नाही' हे शब्द प्रोग्रॅममध्ये लिहिलेले नसतात.

ड्रोनवाला रानात आला की त्याच्याकडे चार गोष्टी मागा. परवाना दाखव. शेवटची फवारणी कशाची केली होती आणि टाकी धुतली का ते सांग, कारण तणनाशकाच्या टाकीत उरलेले चार थेंब तुरीला पुरतात. औषधाचा डबा माझ्यासमोर फोड. आणि आधी नुसते पाणी भरून एक फेरी मारून दाखव. चारही नोजल सारखे चालतात का हे त्या एका फेरीत दिसते. शेजाऱ्याला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, म्हणजे तो जनावरे आणि मुले आत घेईल, मधाच्या पेट्या झाकेल. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. फवारा चालू असताना पाहायला बांधावर गर्दी होते, पोरे तर धावतच येतात. त्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि लांब उभे करा.